नटांना नटवू नका!

दिवाळीच्या अंकात रंगाविरुद्ध लिहिणे म्हणजे चकलीच्या घाण्याशेजारी पाट मांडून एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, हे मी जाणतो. घरोघर भिंतींवरून नवा हात फिरला आहे, उंबऱ्याशी रांगोळी आहे, आणि अशा वेळी हा गृहस्थ ‘रंग लावू नका’ म्हणत दारात उभा! पण वाचकहो, माझे भांडण तुमच्या भिंतीशी नाही, रांगोळीशी तर नाहीच नाही. आमच्या खानदेशात मालमोटारीच्या जुन्या चाकांना जो रंग फासला जातो, त्याच्याशी ते आहे. आणि ते दिवाळीतच मांडतो, कारण ह्या रंगाचा सुकाळ दसऱ्यापासून सुरू होतो.

चाकांची उठाठेव धुळेकराने करायची नाही, तर कोणी करायची? कॅप्टन ब्रिग्जने १८१९ साली इथे ठाणे केले, तेव्हापासून हे गाव येणाऱ्या-जाणाऱ्यांवर वाढत आले. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो, सुरतेहून नागपूर-कलकत्त्याकडे निघालेला रस्ता त्याला इथेच छेदतो, आणि सोलापूरकडचा फाटाही इथूनच निघतो. तिकडे जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलची केळी. ह्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण घड एकदा कापला की त्याला पिकण्याची घाई सुटते. मानांकन दाखवून तो थांबत नाही. म्हणून केळ्यांच्या गाड्या रात्री-अपरात्री उत्तरेकडे पळत असतात आणि त्या पळापळीत चाकाकडे वाकून पाहायला कोणाला सवड नसते. चाक पाहायचे ते गाडी गॅरेजात उभी असताना. तेवढ्या एका वेळी आम्ही काय करतो? त्यावर रंग फासतो.

माझे उभे आयुष्य एका गॅरेजात हिशेब लिहिण्यात गेले. ‘डिस्क रंगवणे’ हे कलम मी बिलात किती वेळा लिहिले त्याची गणती नाही. ‘डिस्क तपासणे’ हे कलम लिहिल्याचे प्रसंग मात्र दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील. (चाकाच्या ज्या लोखंडी भागावर टायर चढतो त्याला आमच्याकडे डिस्क म्हणतात. चाकातून टायर वजा केला की उरते ती डिस्क, एवढे घरातल्या मंडळींनी लक्षात ठेवले तरी पुरे.) जुनी डिस्क कामाला आली, की वास्तविक तिचा जुना रंग आणि गंज थेट लोखंडापर्यंत खरवडून काढायला हवा, मग उजेडात धरून ती नीट पाहायला हवी, आणि मगच तिला कोणता साज चढवायचा तो विचार. प्रत्यक्षात तारेचा ब्रश वरच्या वर फिरतो, पपडी सुटली तेवढी सुटते, उरलेल्या गंजावर तेलरंगाचा जाड हात बसतो, आणि संध्याकाळी ती डिस्क नवऱ्या मुलासारखी मिरवत बाहेर पडते. एका रंगाऱ्याला मी एकदा विचारले, “अरे, आत गंज किती आहे ते तरी बघितलेस का?” तो हसून म्हणाला, “रंग बठ्ठं झाकी लेस, नाना!”

बरोबर बोलला तो. माझी तक्रार अगदी हीच आहे.

आधी रंगाची जाडी पाहू. ट्रकच्या मागच्या बाजूला जोडचाके असतात, म्हणजे हबवर आतली डिस्क, तिच्या अंगाला अंग लावून बाहेरची डिस्क, आणि ह्या सगळ्यांना आवळून धरणारे आठ-दहा नट. आता मोजा. हबच्या तोंडावर एक थर, आतल्या डिस्कच्या दोन्ही अंगांना दोन, बाहेरच्या डिस्कचे दोन, आणि नट जिथे बसतो तिथे एक. सहा थर झाले. आणि दर दसऱ्याला त्यांवर नवे चढतात. नट कसला म्हणजे बोल्ट किंचित ताणला जातो, मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशाएवढाच, आणि त्या ताणाच्या जोरावर चाक जागच्या जागी घट्ट राहते. स्वयंपाकघरातले उदाहरण द्यायचे तर दोन डब्यांच्या मध्ये लोण्याचा गोळा ठेवा आणि दोरीने डबे करकचून बांधा. दोरी घट्ट वाटेल. तासाभराने लोणी दबले की तीच दोरी हातात येईल. रंग लोण्याइतका मऊ नसतो, कबूल. पण भरलेल्या गाडीचे वजन आणि ब्रेकच्या ड्रमची धग मिळाली की तोही दबतो. थर दबला की ताण गेला, ताण गेला की नट सैल. म्हणून परदेशात चाके बनवणारे बजावून सांगतात, की डिस्क जिथे हबला टेकते त्या तोंडावरचा रंग एक दशांश मिलिमीटरच्या आत असावा. आमच्याकडे तेवढा रंग नुसता ओघळून वाळतो.

आणि धग कुठून येते, असे कोणी विचारू नये. लळिंगचा उतार आहे, चाळीसगावच्या पुढे कन्नडचा औट्रम घाट आहे, आणि शिरपूरच्या वर मध्य प्रदेशाच्या हद्दीवर बिजासनचा घाट आहे. ४ जुलै २०२३ ला त्याच रस्त्यावर पळासनेरला एक अवजड कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसे गेली. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले; चाकाचा तिथे दोष होता असे मी म्हणत नाही. मात्र घाट उतरून येणाऱ्या गाडीचे काहीही सुटले तरी त्याचा हिशेब रस्त्याकडेला चहा पिणारा चुकता करतो, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

जाडीपेक्षाही मला राग आहे तो रंगाच्या छटेचा. लोखंड मुके नसते. नट सैल होऊ लागला, की त्याच्या बुडाशी डिस्क घासते, बारीक गंज सुटतो, आणि नटापासून बाहेरच्या कडेकडे तांबूस रेघ ओघळते. डिस्कच्या खिडकीच्या कडेला तडा जाऊ लागला तरी तशीच रेघ दिसते. ही रेघ म्हणजे चाकाने स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र आहे. ते वाचायला इंजिनीअर लागत नाही. आठवीतला पोर क्लीनरही वाचील. पण आमच्या मालकांना आवडतो कोणता रंग? तर तांबडा, विटकरी, नाही तर मरून! लाल कागदावर लाल शाईने आलेले पत्र कोण वाचणार? त्यातून नटांना वेगळा रंग द्यायची हौस. एक नट पिवळा, एक हिरवा, आट्यांमध्ये रंग साचलेला, पाना बसत नाही आणि बसला तर रंगाची घट्टी आणि नटाची घट्टी ह्यांतला फरक हाताला कळत नाही. अहो, नाटकातल्या नटांना नटवा, चाकाच्या नटांना कशाला?

चाकाला खूण करण्याची विद्या आपल्याला नवी आहे असेही नाही. धुळ्याहून दूर जायला नको. रेल्वेचे गाव भुसावळ जवळच आहे. रेल्वेच्या ज्या चाकांवर पोलादी धाव तापवून बसवलेली असे, त्यांवर चाक आणि धाव ह्या दोहोंवरून मिळून रंगाच्या आडव्या रेघा ओढीत. धाव सूतभर जरी सरकली तरी रेघ तुटलेली दिसे आणि इंजिन थांबवता येई. रंगच तो, पण कामाचा! आणि त्याच्याही आधी आपल्या बैलगाडीला धाव होतीच. लोहार गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करून लाकडी चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळी. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव खडखडू लागली, की आमचे आजोबा गाडीचे चाक पाण्यात भिजत टाकीत. खडखड ऐकू आल्यावर त्यावर रोगण फासून पोळ्याला गाडी काढण्याचा शहाणपणा त्यांना सुचला नाही. शिंगे रंगवली ती बैलाची. बैलाच्या खुराला जखम असती तर ती हिंगुळाने रंगवून त्याला औताला जुंपला असता काय?

आता नव्या फॅशनकडे वळू. ज्याच्या हाती चार पैसे खुळखुळतात, तो डिस्कला पावडर कोटिंग करून आणतो. वाईट नाही, ब्रशच्या रंगापेक्षा पुष्कळ बरे. लोखंड आधी वाळूच्या माऱ्याने स्वच्छ करावे लागते, म्हणजे निदान एकदा तरी ते उघडे पडते. मग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पावडर वितळून सारखी बसते. पण ह्या थराची जाडी बहुधा ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे एका हातातच ती एक दशांश मिलिमीटरला टेकते. मग ‘अजून एक हात मारा हो, चकाकी येऊ द्या’ म्हणणारा मालक स्वतःच्या नटाखाली स्वतःच लोणी भरतो. भट्टीत घालण्याआधी हबला टेकणारे तोंड आणि नटांच्या बैठका झाकून घ्या, एवढे सांगायला जीभ का जड व्हावी? क्रोमच्या मुलाम्याविषयी फार बोलत नाही. नट-बोल्टच्या कठीण पोलादाला मुलामा देताना आम्लातला हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होऊ शकते, हे मुलामा देणाऱ्या चांगल्या कारागिराला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. आणि नटांवर बसवायच्या त्या चकचकीत टोप्या म्हणजे तर रंगालाही लाजवणारे झाकण!

कोणी म्हणेल, ‘रंग नको, तर काय डिस्क गंजू द्यायच्या?’ मी असे कुठे म्हटले? डिस्क खरवडून लोखंड उघडे करा. रेड ऑक्साइडचा नाही तर जस्ताच्या प्रायमरचा पातळ हात द्या. त्यावर पांढरा, फिका राखाडी किंवा चंदेरी रंग, तोही पातळ. टेकणारी तोंडे, नटांच्या बैठका आणि आटे कोरे ठेवा. ह्याला मरूनपेक्षा एक पैसा जास्त लागत नाही. पांढऱ्यावर चिखल दिसतो ही तक्रार मी ऐकली आहे. दिसू द्या की! चिखल दिसला म्हणजे तो धुतला जाईल, आणि धुताना कोणी तरी चाकापाशी उकिडवे बसेल.

मालकांची हौस मी समजू शकतो. ज्याच्या गाडीवर कर्जाचे हप्ते आहेत, ज्याने लेकीच्या नावाने गाडी काढली, त्याने ती सजवावी, मागच्या फळीवर मोर काढावा, केबिनला गोंडे बांधावे. ‘हॉर्न ओके प्लीज’ ह्या अक्षरांविरुद्ध आपल्या राज्यात २०१५ साली हुकूम निघाला. फळीवरच्या अक्षरांची एवढी चिंता वाहिली जाते, पण चाकाशी वाकण्याची तसदी कोण घेतो? आठ वर्षांवरच्या ट्रकला दरवर्षी पासिंग करावे लागते, आणि पासिंगच्या आदल्या दिवशी रंगाऱ्याला बोलावण्याची रीत सर्वत्र आहे. ज्या दिवशी दोष दिसायला हवा, त्याच्या आदल्याच दिवशी तो झाकायचा! ह्याला हौस म्हणायचे?

पण खरा गुन्हा ह्याहून पुढचा आहे, आणि तिथे माझी लेखणी सौम्य राहणार नाही. तडा गेलेल्या डिस्कला वेल्डिंग मारायचे, कानशीने ते सपाट करायचे, वर जाड रंग द्यायचा, आणि ‘जुनी, पण नव्यासारखी’ म्हणून विकायची, हा धंदा चालतो. चाके बनवणारे ओरडून सांगतात की तडकलेली डिस्क वेल्ड करू नका, मोडीत टाका. हा मनुष्य मोडीचा भाव आणि डिस्कचा भाव ह्यांतला फरक खिशात घालतो आणि त्या फरकापायी पंक्चरच्या दुकानातल्या पोराला त्या डिस्कसमोर शंभर पौंड हवा भरायला बसवतो. अमेरिकेत लॉक रिंगची चाके लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी असा नियम १९८० सालापासून आहे. आमच्या पोरासमोर पिंजरा नाही, आणि आता डिस्कवरचा तडाही त्याला दिसत नाही. असा रंग देणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही. खोट्या नाण्याला मुलामा देणारा आणि हा, दोघे एकाच आळीत राहतात.

म्हणून जुनी डिस्क घेणाऱ्याने दुकानदाराला एकच सांगावे: ‘मला रंगाआधीची दाखवा.’ तो आढेवेढे घेऊ लागला तर दुसरे दुकान पाहावे. आणि कोरी डिस्क हाती आली, की आमच्या जुन्या मिस्त्र्यांची युक्ती करावी. घासलेट नाही तर डिझेल फडक्याने डिस्कवर फिरवा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडे पुसून घ्या आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर त्यात मुरलेले तेल पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ काढते. खर्च म्हणाल तर एका खडूचा, आणि तो खडू घरातले शाळकरी पोरही आणून देईल.

वहिनींना आणि मावश्यांना एक विनंती. पाडव्याला गाडीची पूजा तुमच्याच हातून होते. चाकांना हळदकुंकू लावा, झेंडूची माळ घाला, नारळ फोडा. ते दोन दिवसांत धुऊन जाते, नटाला त्याचा उपद्रव नाही. ओवाळताना मात्र एकेका नटाकडे पाहा, आणि बुडाशी तांबूस रेघ दिसली तर आरती पुरी होताच घरधन्याला पाना आणायला सांगा. सणासाठी चाके काढून पुन्हा बसवली असतील, तर पहिल्या ऐंशी ते दीडशे किलोमीटरांत नट एकदा पुन्हा कसावे लागतात. धुळ्याहून जळगावकडे भरून निघालेल्या गाडीने पारोळा-एरंडोल मागे टाकले, की जळगावात शिरण्याआधी ती कडेला घ्यावी, चाके निवू द्यावी आणि प्रत्येक नटावर पाना टाकावा. ह्याला फार तर पंधरा-वीस मिनिटे लागतात.