आधी हँडल, मग मायलेज

"गाडीवर हात बसला पाहिजे राव, मग चिखल काय अन् डांबर काय!" हे वाक्य आमच्या शिरूर-दौंड भागात इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग यायला लागलाय. पाणंदीतून दूध घेऊन येणारा एखादा पोरगा पुढचं चाक घसरून पडला, की टपरीवर चहा संपायच्या आत निकाल लागतो: त्याला गाडी चालवता येत नाही. खेळ खलास. गाडीकडे कुणी बघतसुद्धा नाही.

मला हे अजिबात मान्य नाही. चूक हाताची नाही, वजनाच्या जागेची आहे. आणि ती दुरुस्त करणं हे कुणाचंच काम नाही, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय.

जरा हिशोब करू. आपली नेहमीची शंभर सीसीची गाडी धरा 110 किलो, चालवणारा 70 किलो. या 180 पैकी साधारण 72 किलो पुढच्या चाकावर येतात असं समजा. आता 40 लिटरचे दोन कॅन भरून लावले. दूध पाण्यापेक्षा जरा जडच, वर कॅनचं स्वतःचं वजन. म्हणजे झाले 100 किलो. हे कॅन वेल्डिंगवाल्याने केलेल्या स्टँडवर लटकतात, आणि त्यांचा मध्य बहुतेक वेळा मागच्या ॲक्सलच्या वीतभर मागे असतो. दोन चाकांत अंतर सव्वा मीटर. लहानपणी फळीवर सी-सॉ खेळलेल्या कुणालाही पुढचं कळेल: ॲक्सलच्या मागे 20 सेंटिमीटरवर 100 किलो टांगले की पुढच्या चाकावरचे 16 किलो उचलले जातात. 72 चे राहिले 56. गाडीचं एकूण वजन 280 वर गेलं आणि तिला वळवणारं चाक मात्र आधीपेक्षा हलकं झालं! त्यात कॅरिअरवर पेंडीचं पोतं टाकलं आणि चारीचा चढ लागला, तर मग विचारूच नका. हँडल हातात असतं, पण गाडी हातात नसते.

आता ही गाडी आपल्या रस्त्यावर आणा. राहू, पारगाव, मांडवगण फराटा... भीमेच्या काठची ही सगळी काळी माती. उसाला सोन्यासारखी, चाकाला वैरी. पाऊस झाला की ती मडगार्डच्या आत थापली जाते आणि पुढचं चाक जाम होतं. वाळली की उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. जड चाक चाकोरीची कड चढून बाहेर येतं. हलकं चाक कडेला घासत घासत जातं आणि मग एकदम आडवं होतं. यात "हात बसलेला" असून काय करणार?

गंमत बघा. अमेरिका-कॅनडासारख्या बर्फाच्या प्रदेशांत हौशी लोक मोटारसायकलची दोन्ही चाकं काढतात, मागे रबरी पट्टा आणि पुढे एक स्की बसवतात. त्याला म्हणतात स्नोबाईक. तिथेही तक्रार हीच. दुसऱ्या गाड्यांनी दाबलेल्या वाटेवर स्की आधीच्या चरांच्या मागे पळते, हँडल ऐकत नाही. तिथे उत्तर शोधलं जातं ते यंत्रात. स्कीच्या तळाला बर्फात रुतणारी धार कशी हवी, पुढे किती भार यायला हवा, स्की किती रुंद हवी, यावर कारागिरांनी डोकं चालवलं. या धंद्यात इतका दम निघाला की पोलारिससारख्या मोठ्या कंपनीने 2015 साली टिंबरस्लेड ही स्नोबाईकचे संच बनवणारी कंपनी विकत घेतली.

म्हणजे सुट्टीत बर्फावर मौज करणाऱ्याचं हँडल नीट चालावं म्हणून अभियंते कामाला लागतात. आणि रोज पहाटे 80 लिटर दूध डेअरीवर घालणाऱ्यासाठी? एक वेल्डिंग मशीन आणि अंदाजपंचे वाकवलेली सळई.

हे अंतर साता समुद्रापलीकडचं असतं तर समजू शकलो असतो. पण एआरएआय ही वाहनांच्या चाचणीची संस्था 1966 पासून पुण्यातच आहे. बजाजची आकुर्डी आणि चाकणही याच जिल्ह्यात. इतकं ज्ञान दोन तासांच्या अंतरावर असताना गाडी घेताना आम्हाला सांगतात काय, तर मायलेज आणि हप्ता. कॅन कुठे लावणार, हे मला तरी कुठल्या शोरूममध्ये कुणी विचारलं नाही.

यावर लोक दोन गोष्टी म्हणतात. एक, "रस्ते होऊ द्या, सगळं सुरळीत होईल." पाणंद रस्त्यांसाठी 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, चांगलंच झालं. रस्ते व्हायलाच हवेत. पण पुढून हलकी झालेली गाडी पुणे-सोलापूर महामार्गावरही वेग घेतला की डुगडुगते. डांबराने चिखल जातो, तराजू बदलत नाही. दोन, "मुळात इतकं वजन न्यावंच का?" हा मुद्दा खरा आहे. अशा गाडीला चालकासकट 130 किलोच्या आसपासच भार झेपतो आणि आपण 170 घालतो. पण दोन खेपा म्हणजे दुप्पट पेट्रोल, आणि डेअरी कुणासाठी थांबत नाही. लोक वजन नेणारच आहेत. तर ते धरून चालणारी गाडी बनवा! टीव्हीएस एक्सएलला खेड्यात मान आहे तो उगाच नाही. तिच्यावर ओझं पायांमध्ये, दोन चाकांच्या मधोमध ठेवता येतं.

तोवर आपल्या हातात काय आहे? स्टँड असा करून घ्या की कॅनचा मध्य ॲक्सलच्या बरोबर वर तरी येईल. जमलं तर चार बोटं पुढेच. कॅन जितके खाली तितके बरे, आणि दोन्ही बाजू सारख्या. अर्धा कॅन नेऊ नका, आतलं दूध हिंदकळून गाडीला ढकलतं. पावसाळ्यात पुढचं मडगार्ड उचलून घ्या. पुढचा सरळ रेघांचा टायर डांबरासाठी असतो, शेतात ठोकळ्यांच्या नक्षीचा घाला. पोतं कॅरिअरवर नको.

पण हे सगळं दूधवाल्याने स्वतःच्या खिशातून, पडून पडून का शिकायचं? मागच्या बाजूला दोन कॅन, खाली काळी माती, अशी चाचणी करून कंपनीनेच स्टँड विकावा, ही मागणी फार मोठी नाही. दूध संघांनीही ती करायला हवी. फॅट आणि डिग्री जितक्या काटेकोरपणे मोजतात, त्याच्या निम्म्या काटेकोरपणे ते दूध आणणाऱ्या गाडीचं पुढचं चाक एकदा काट्यावर ठेवून बघावं.

आणि टपरीवरच्या मंडळींना एकच विनंती. पुढच्या वेळी कुणी पडला, तर त्याला नावं ठेवायच्या आधी त्याचा स्टँड बघा. टेप लावून मोजा. मग बोलू.