एक संख्या आणि आपला अभिमान

१,७६,६३,१९,०४९. ही कोणत्या अर्थसंकल्पातील रक्कम नव्हे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘बीजगणित’ या ग्रंथात सोडविलेल्या एका प्रश्नाचे हे उत्तर आहे.

प्रश्न दिसावयास साधा आहे. ज्याच्या वर्गातून १ वजा केला असता एखाद्या पूर्ण वर्गाची बरोबर ६१ पट उरते, असा पूर्णांक शोधावयाचा. ६१ च्या जागी ६० घेतले तर उत्तर ३१ येते, ६२ घेतले तर ६३. मधल्या ६१ ला मात्र एकदम दहा अंकी संख्या लागते! १ हे क्षुल्लक उत्तर वगळता तिच्याहून लहान संख्या येथे चालत नाही. तिची जोडीदार संख्या २२,६१,५३,९८०. पहिलीला दुसरीने भागले असता ६१ चे वर्गमूळ सतरा दशांशस्थळांपर्यंत अचूक मिळते.

असे उत्तर अंदाजाने सापडत नाही. त्यासाठी पद्धती लागते. ती म्हणजे ‘चक्रवाल’. ८ चा वर्ग ६४. तो ६१ हून ३ ने अधिक. पुढच्या फेरीत ३९ चा वर्ग १५२१. तो ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून, म्हणजे १५२५ हून, ४ ने उणा. येथून ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये सांगितलेल्या ‘भावने’च्या साहाय्याने मोजक्या पायऱ्यांत उत्तर हाती येते. फ्रान्समध्ये फर्माने हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून घातला तो १६५७ साली. पुढे ऑयलरने हे समीकरण पेलच्या नावे लावले. त्याच्या उकलीत पेलचा वाटा नव्हता. तरी नाव आजही तेच आहे.

याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘आमच्याकडे सर्व काही होते’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी कागद घेऊन चक्रवालाची एक फेरी तरी केली आहे? ही पद्धती भास्कराचार्यांपूर्वी जयदेवाने मांडली होती आणि वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येसाठी उत्तर असतेच, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. हे मोकळेपणाने सांगितल्याने भास्कराचार्यांचे मोठेपण तसूभरही उणावत नाही. उलट, अभ्यासाविना मिरविलेला अभिमान पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर होतो आणि खऱ्या वारशावरही संशयाची सावली पाडतो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ मध्ये मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. वारसा जपण्याचा हा मार्ग त्यांना आठशे वर्षांपूर्वी उमगला होता: ग्रंथ शिकणे आणि शिकविणे.

आपणही आरंभ घरातूनच करू या. रविवारी मुलांना जवळ बसवून ६१ ऐवजी १३ चा प्रश्न घालावा. उत्तर तीन अंकीच आहे. मात्र ते मुलांना सांगण्यापूर्वी आपण स्वतः काढावे.