जुन्या पैठण्यांचे नवे कैवारी

पैठणी जाळून तिच्यांतलें रुपें काढून घेणाऱ्या आटणीवाल्याला नांवें ठेवणें हा सध्यां एक सभ्य छंद होऊन बसला आहे. कृत्य नांवें ठेवण्यासारखेंच आहे, यांत वाद नाहीं. रुप्याचा भाव चढला कीं पेट्या उघडाव्या, पणजीची पैठणी बाहेर काढावी, ती आगींत घालावी आणि रेशमाची राख झाल्यावर उरलेला रुप्याचा गोळा तागडींत टाकून पैसे घ्यावे, हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पण त्या आटणीवाल्याविषयीं एवढें तरी म्हटलें पाहिजे कीं आपण कलेचा उद्धार करीत आहों असें तो सांगत नाहीं. तो वजन करतो, पैसे देतो आणि गप्प बसतो. आमची तक्रार त्याच्याविषयीं नाहीं. ती आहे अलीकडे उदयास आलेल्या पैठणीच्या कैवाऱ्यांविषयीं.

हे कैवारी शहरांतील प्रदर्शनांतून भेटतात. दिवाळीच्या सुमारास तर त्यांना ऊत येतो. त्यांच्या मांडणीवर जुन्या पदरांच्या उशा असतात, काठांच्या पिशव्या असतात, चौकोनी कापून काचेआड बसविलेला एखादा मोर असतो, आणि या साऱ्याला पुनर्जन्म हें नांव असतें. पुनर्जन्मासाठीं आधीं मरावें लागतें, व त्याची तजवीज कात्रीनें अगोदरच केलेली असते. गिऱ्हाईकहि फारसा विचार करीत नाहीं. आपण परंपरा जतन केली या समाधानांत तें उशी काखेंत मारून घरीं जातें. आमचें म्हणणें असें कीं हें जतन नव्हे, हा आटणीचाच एक सभ्य प्रकार आहे. फरक इतकाच कीं आटणींत रुपें तरी हातीं राहतें, येथें कांहीं वर्षांनीं चिंध्या राहतात.

हें आम्ही रागानें बोलत नाहीं. पैठणीची वीणच तसें सांगते. पैठणचा किंवा येवल्याचा विणकर पदरावरील नक्षी एकाच धोट्याच्या येरझारेनें उठवीत नाहीं. आडव्या ओळींत जितके रंगांचे तुकडे, तितक्या निरनिराळ्या लहान कांड्या. एक रंग आपल्या हद्दीपर्यंत येतो, शेजारच्या रंगाच्या धाग्याशीं कडी घालतो आणि तेथूनच माघारा वळतो. म्हणून हातानें विणलेल्या अस्सल पदराची उलट बाजू जवळजवळ सुलट बाजूसारखीच दिसते. मागें सुटे धागे लोंबत नाहींत. आसवलीची वेल, बांगडीमोर, मुनिया, कमळ, यांपैकीं प्रत्येकाची बाह्यरेषा म्हणजे अशा शेंकडों कड्यांची सांखळी आहे. तिच्यामधून कात्री फिरली कीं दोहों बाजूंचे धागे सुटूं लागतात. शिंप्यानें ते शिवणींत दाबले, तरी तार कठीण आणि रेशीम वयानें ठिसूळ झालेलें. जेथें जेथें वस्त्र वांकतें तेथें तारच रेशमाला कापीत जाते. आतां अशा तुकड्याची उशी करून ती बैठकीवर ठेविली, म्हणजे तिच्यावर पाठी घांसल्या जाणार, केंसांचें तेल लागणार, घाम मुरणार. जो पदर शंभर वर्षांत मोजक्या लग्नामुंजींना बाहेर पडला, त्याला रोज सकाळसंध्याकाळ लोळणाऱ्यांच्या सेवेस लावणें याला कोणत्या भाषेंत कैवार म्हणतात?

काचेआड बसविलेल्या तुकड्याचें तरी बरें असेल, असें कोणी म्हणेल. त्याचें मरण निराळें, एवढेंच. उजेडानें रेशमाची होणारी झीज सांचत जाते व ती कधींहि भरून निघत नाहीं. उडालेला रंग अंधारांत विश्रांति दिल्यानें परत येत नाहीं. याच कारणास्तव संग्रहालयांतून नाजूक वस्त्रांवर, उजेड मोजण्याच्या परिमाणांत सांगावयाचें तर, ५० लक्सपेक्षां अधिक उजेड पडूं न देण्याचा परिपाठ आहे, आणि तींहि थोडे महिने दाखवून पुन्हां अंधारांत ठेवितात. आमच्या दिवाणखान्यांत खिडकीसमोरच्या भिंतीवर दुपारीं याच्या कितीतरी पट उजेड असतो. शिवाय तसबीर करणारा तो तुकडा गोंदानें हलक्या पुठ्ठ्यावर चिकटवितो. पुठ्ठ्यांतील आम्ल हळूहळू कापडांत उतरतें आणि तें आंतून तपकिरी व ठिसूळ होत जातें.

पण टिकण्या-न टिकण्यापेक्षांहि मोठा तोटा दुसराच आहे, व त्याविषयीं हे कैवारी अवाक्षर काढीत नाहींत. अखंड नऊवारी पैठणी हा एक दस्तऐवज आहे. पदर किती हात लांब, काठ किती बोटें रुंद, अंगावर बुट्टे किती अंतरानें, काठ अंगाशीं कसा जोडला, कोठें धागा संपला म्हणून नवा घेतला, कोठें रफू झालें, निऱ्यांच्या जागीं वस्त्र किती झिजलें, यांवरून तें कोणीं विणलें हें कळलें नाहीं तरी कसें विणलें व कसें वापरलें गेलें हें वाचतां येतें. ज्यांनीं हीं वस्त्रें विणलीं त्यांनीं रोजनिशा ठेविल्या नाहींत, बखरी लिहिल्या नाहींत. त्यांचें जें कांहीं लेखन आहे तें हेंच. जुन्या पोथीचीं पानें फाडून त्यांतील चित्रें तेवढीं कोणी विकूं लागला तर आम्ही त्याला विद्येचा कैवारी म्हणणार नाहीं. पैठणीच्या वेळीं मात्र आमची विवेकबुद्धि रंग पाहून भुलते.

यावर ठरलेलें उत्तर येतें: आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीतच होत्या ना? होत्या, आणि हें उत्तर देणाऱ्यांनीं गोधडी कधीं नीट पाहिलेली नसते. गोधडींत जातें तें रोजच्या नेसणींतलें सुती लुगडें, धुऊन धुऊन विरलेलें, नेसण्याजोगें न उरलेलें. तें थरावर थर घालून, शक्य तितकें सलग ठेवून, सबंध अंगभर धांवदोऱ्यानें टांचलें जातें. म्हणजे ज्या कापडांत स्वतःचें बळ उरलेलें नाहीं त्याला शेजारच्या थराचें बळ मिळतें. ही काटकसर आहे व तींत शहाणपण आहे. पैठणीचेंहि तसेंच. अंग विरलें म्हणजे पदर व काठ सोडवून ते नव्या अंगावर चढवीत. जेथें तेंहि शक्य नसे तेथें मुलीचा परकर किंवा तान्ह्याची कुंची होई. पण ती उरल्यासुरल्याची होई, घरांतच राही, आणि तिच्यासाठीं धड पैठणी कोणी फाडीत नसे. आजचा व्यापारी मात्र धड पैठणीच शोधीत असतो, कारण विरलेलें कापड उशीच्या शिवणीला टिकत नाहीं. त्या व्यापाराचें मर्म हें आहे. ज्याला फाटकें वांचविण्याचा कळवळा आहे तो धडकें कशाला विकत घेईल? आतां कांहीं दुकानांतून यंत्रावरच्या नव्या कापडाच्या उशा जुन्या पैठणीच्या म्हणून खपतात असें ऐकतों. त्या फसवणुकीबद्दल आम्हांला, खरें सांगावयाचें तर, थोडा आनंदच होतो; तितक्या पैठण्या वांचल्या.

तेव्हां जुनें वस्त्र विकत घेऊंच नये काय? अवश्य घ्यावें. गरजेपोटीं पेटी उघडणाऱ्या घराला आटणीपेक्षां चांगला भाव देणारें गिऱ्हाईक हवेंच आहे. तें नसेल तर आमचे सारे उपदेश मुशींतच जाणार. पण घ्यावें तें अखंड, आणि भाव द्यावा तो विणीचा, रुप्याच्या वजनाचा नव्हे. किंबहुना ज्याला नेसावयाचें नसून सांभाळावयाचें आहे त्यानें फाटकें पण सबंध वस्त्र आधीं घ्यावें, कारण आग त्याच्याच सर्वांत जवळ असते. उलट बाजू पाहिल्याशिवाय घेऊं नये. यंत्रमागावरच्या नकलेंत पाठीमागें नक्षीचे सुटे धागे लोंबतात किंवा ते कातरलेले असतात. दुकानदारानें ‘पेशवेकालीन’ हा शब्द उच्चारला कीं खिशावर हात ठेवावा. पेशवाई १८१८ त बुडाली. डांबरापासून काढलेला पर्किनचा जांभळा रंग इंग्लंडांत १८५६ त निघाला. ज्या वस्त्राच्या मूळ धाग्यांत असला रंग आहे तें बाजीरावाच्या वाड्यांतून आलें नाहीं, हें सांगण्यास इतिहाससंशोधकाची जरूर नाहीं. अर्थात् धाग्यांतला रंग कोणता हें ठरविण्याचें काम रसायनशाळेचें. दुकानांत डोळ्यांनीं तें ठरत नाहीं, आणि म्हणूनच दुकानदाराचा आत्मविश्वास संशयास्पद समजावा. चहाच्या पाण्यांत बुडवून पांढऱ्या कापडाला वय आणण्याची युक्ति तर जगभर चालते; खरें वय घड्यांच्या रेषांवर व वापराच्या जागीं अधिक दिसतें, चहाचें वय सगळीकडे सारखें. आणखी एक गोष्ट व्यापारी आपण होऊन सांगत नाहींत. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्याप्रमाणें निदान शंभर वर्षांची जुनी कलाकुसरीची वस्तु ही पुरावस्तु ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करतां येत नाहीं व खासगी व्यक्तीला ती विक्रीसाठीं देशाबाहेर धाडतां येत नाहीं. शंभर वर्षांची म्हणून चढा भाव मागणाऱ्याला परवाना विचारून पाहावा. पुष्कळदां पैठणी तेथल्या तेथें तीसचाळीस वर्षांनीं तरुण होते.

विकत घेतलेलें असो वा वारशानें आलेलें, घरीं वस्त्राच्या वाट्याला येतें तें प्रेम, आणि आटणीच्या खालोखाल वस्त्रें मारलीं असतील तर तीं या प्रेमानें. पैठणी प्लास्टिकच्या पिशवींत कोंडून ठेवितात. कोंकणच्या पावसाळ्यांत आंत अडकलेला दमटपणा बुरशीला आमंत्रण देतो. तिच्यावर अत्तर शिंपडतात, त्याचा डाग राहतो. रबराच्या पट्ट्यानें घडी बांधतात. रबरांतील गंधकानें रुपें काळें पडतें. मग तो काळेपणा काढण्यासाठीं चिंच घेऊन बसतात, आणि तारेवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो कीं काळेपणाबरोबर तोहि निघून जातो. लग्न जवळ आलें कीं पॉलिशला देतात, म्हणजे वयस्क रेशीम तापलेल्या रुळांखालीं घालतात.

करावयाचें तें याहून फार सोपें आहे. साधा मांजरपाट घ्यावा, गरम पाण्यांत धुऊन त्याची खळ पुरती काढावी, आणि त्यांत वस्त्र गुंडाळावें. खळ अशासाठीं काढावयाची कीं कसरीला ती आवडते. त्याच कारणानें सुती लुगडीं, उशांचे अभ्रे, ताटावरचे भरतकामाचे रुमाल खळ देऊन वर्षभर ठेवूं नयेत. शक्य असेल तर कापडानें मढविलेल्या नळीवर सैल गुंडाळी करावी. नसेल तर घडीच्या वांकांत मऊ कापडाची वळकटी ठेवावी व वर्षांतून दोनतीनदां घडी बदलावी. आपल्या भाषेंत घडी मोडणें म्हणजे नवें वस्त्र प्रथम नेसणें. जुन्याचीहि घडी मोडावी लागते, नाहींतर घडीच वस्त्राला मोडते. वारा द्यावा तो सावलींत. पावसाळा संपल्यावर भर उन्हांत पैठण्या पसरणाऱ्यांना आम्ही हात जोडतों. कच्चें लांकूड व गंजणारा पत्रा वस्त्राला थेट लागूं देऊं नये, डांबराच्या गोळ्याहि नव्हेत. धुण्यापूर्वीं प्रत्येक रंगाची कोपऱ्यांत ओल्या पांढऱ्या चिंधीनें परीक्षा करावी. चिंधीला रंग लागला तर तेथेंच थांबावें. सोडा रेशमाला खातो, आणि क्लोरीनचें विरंजक तर रेशीम अक्षरशः विरघळवून टाकतें. पांढऱ्या सुती भरतकामाला तें चालतें असा समज आहे. सूत विरघळत नाहीं एवढेंच, पण तें दुबळें होतें आणि पुढें एखाद्या धुण्यांत डागाच्या जागीं भोंक पडतें.

हें सारें संग्रहालयांनीं करावें, आम्हां गृहस्थांना काय जमणार, असा एक सूर निघतो. अमदाबादेस १९४९ त कॅलिको वस्त्रसंग्रहालय निघालें. पुण्यांत दिनकर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे कवि ‘अज्ञातवासी’, यांनीं नित्याच्या घरगुती वस्तु गोळा करून एक संग्रहालय उभें केलें. या वस्तु त्यांना मिळाल्या त्या कोणाच्या तरी घरीं तोंपर्यंत टिकल्या होत्या म्हणून. शिवाय संग्रहालयांत पोंचलेल्या वस्त्राचीहि हकीकत बहुधा वाटेंत गळालेली असते, आणि ती तर घरच्या माणसांवांचून कोणालाच सांगतां येत नाहीं. म्हणून मांजरपाटाच्या आंत, पण वस्त्राला न टेकेल अशी, एक चिठ्ठी ठेवावी: कोणाच्या लग्नांतलें, कोणत्या सालचें, कोठून व किती रुपयांस घेतलें, मागाहून रफू कोणीं केलें. ती शिसपेन्सिलीनें लिहावी, कारण शाई ओलाव्यानें उतरते. टांचणी लावूं नये, ती गंजते. ठाऊक नसेल तें लिहूं नये. पणजीच्या वयाचा अदमास घेऊन ‘दीडशें वर्षें’ असें ठोकून देण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि दुकानदारांचा तो ‘पेशवेकालीन’ शब्द तेथूनच जन्मास येतो.