धाकाने न सुटणारा प्रश्न

‘लक्ष देत नाही, जागेवर बसत नाही’ असा लाल शाईतला शेरा शाळेच्या डायरीत वारंवार उमटू लागला, की घरोघरी त्याचा फैसला बहुधा एकाच कलमाखाली होतो : पोर वांड आहे, त्याला जरब हवी. या फैसल्याची फेरतपासणी व्हावी, अशी माझी पालकांस आग्रहाची विनंती आहे.

अशा वागण्यामागे कधी कधी जी अवस्था असते आणि जिला आज सर्रास एडीएचडी (अवधान-न्यूनता व अतिचंचलता) म्हणतात, ती हल्लीच्या जमान्याने उपजवलेली नाही. बुद्धी शाबूत असूनही ज्यांस स्वतःला आवरता येत नाही, अशा मुलांचे वर्णन लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच आपल्या व्याख्यानांत केले होते. आणि तिच्या मुळाशी आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे त्यानंतरच्या संशोधनाने प्रस्थापित केले आहे. ‘दप्तर भर, डबा घे आणि बूट घाल’ असे एका दमात सांगितल्यावर जो मुलगा अर्धे दप्तर भरून खिडकीतला कावळा पाहत उभा राहतो, त्याच्या मनातून पुढच्या दोन गोष्टी एव्हाना निसटून गेलेल्या असतात. त्यात अवज्ञेचा हेतू नसतो. म्हणून त्यास एका वेळी एकच गोष्ट, जवळ जाऊन सांगावी, गृहपाठाचे लहान तुकडे पाडावेत आणि काम पुरे होताच, तिथल्या तिथे शाबासकी द्यावी.

अर्थात प्रत्येक चपळ पोरावर हा शिक्का मारणेही अन्यायाचेच होय. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीची, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावीत, हा निदानाचा दंडक आहे. श्रवणदोष वा अपुरी झोप यांचीही शहानिशा आधी व्हावी. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपाय. पुढे गरज पडल्यास मेथिलफेनिडेटसारखे औषध तज्ज्ञाच्या सल्ल्याने, भूक, झोप व वाढ यांवर लक्ष ठेवून द्यावे.

दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमातील २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, परंतु एडीएचडीस स्वतंत्र स्थान नाही. त्यामुळे या मुलांची सोय बव्हंशी शिक्षकांच्या समंजसपणावर अवलंबून राहते. पुढच्या बाकावर जागा, फळा पुसण्याच्या निमित्ताने मधूनच उठण्याची मुभा, वर्गातील चाचणीत थोडा अधिक अवधी, एवढी तजवीज कोणत्याही मुख्याध्यापकाच्या अखत्यारीत आहे; तिच्यासाठी सरकारी ठरावाची वाट पाहू नये.

— बालसखा