फोनच्या खोक्यावर एक्सपायरी डेट छापा

मोटरसायकल घेताना आपण आधी विचारतो, ‘किती देते?’ तेच चोखंदळ गिऱ्हाईक फोन घेताना मात्र रॅम किती, मेगापिक्सेल किती, एवढंच विचारून पैसे मोजतं.

मेगापिक्सेलचं बघा. १०८ मेगापिक्सेलचे बरेच फोन नेहमीच्या मोडमध्ये नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. त्यात गैर काही नाही. कमी उजेडात फोटो सुधारतो. पण तो सुधारतो हिशेबामुळे, खोक्यावरच्या आकड्यामुळे नव्हे.

प्रोसेसरची तीच गत. सॅमसंगच्या फोनमधली एक सेवा गेम्सचा वेग दाबते, बेंचमार्क अ‍ॅप्सचा मात्र नाही, हे २०२२मध्ये उघड झालं आणि गीकबेंचने त्यांचे काही फोन यादीतून काढून टाकले. चिप तुमच्या पैशाची. ती किती पळवायची हे कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवणार!

यावर ठरलेलं उत्तर येतं : “हे लाखाच्या फोनवाल्यांचे चोचले. दहा हजारांत रॅमच बघावी लागते.” अर्धं मान्य. रॅम अगदीच तुटपुंजी असेल तर फोन रखडतो. पण २०१५च्या आयफोन ६एसमध्ये २ जीबीच रॅम होती आणि त्याला २०२१चं आयओएस १५ मिळालं. फोनचं आयुष्य रॅमने नाही, कंपनीच्या इच्छेने ठरलं.

आणि स्वस्त फोनही वर्षानुवर्षं वापरला जातो. मुलाकडून तो आईकडे जातो. त्याचे सिक्युरिटी अपडेट कधीच थांबलेले असतात, तरी त्यावर यूपीआय चालू असतं, बँकेचे ओटीपी येत असतात. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो : सापडलेलं आणि न बुजवलेलं भोक हे सगळ्यांना पत्ता ठाऊक असलेलं भोक असतं. रॅम दुप्पट केल्याने ते बुजत नाही.

युरोपीय संघात जून २०२५पासून नियम आहे : मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, खोकल्याच्या औषधावर असते. ज्यात घरची सगळी पुंजी असते त्या फोनवरच का नको?

ती छापली जाईपर्यंत दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा : “अपडेट कधीपर्यंत?” विक्रेता गोंधळला, तर खोकं काउंटरवरच राहू द्या.