'ती घरीच तर असते'

गच्चीबावली, कोंडापूर, मियापूर या भागांत राहणाऱ्या आपल्या तरुण कुटुंबांविषयी बोलताना एक वाक्य हमखास कानी पडते : 'सून काय, घरीच तर असते!' म्हणजे बाळाला सांभाळायला वेगळे कोणी कशाला हवे? मार्च 2020 च्या टाळेबंदीत लॅपटॉप घरी आला. तेव्हा नाइलाज होता. पुढे तोच मूल वाढवण्याचा उपाय आहे असे आपण धरून चाललो, आणि गफलत झाली ती इथे.

मुळात घरून काम ही कंपनीने दिलेली सवलत आहे. 2017 च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्याने पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली (पहिल्या दोन अपत्यांसाठी). रजेनंतर घरून काम करता येईल असेही त्यात आहे, पण कामाचे स्वरूप तसे असेल आणि दोघांची संमती असेल तर. कंपनीचे मन बदलले की सवलत संपली. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. ज्या घरांची सगळी घडी घरून कामावर बसलेली असते, तिथे अशा एका ई-मेलने काय होते ते सांगायला नको.

त्याच कायद्यात दुसरी एक तरतूद आहे, तिच्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. हे 50 म्हणजे सगळे कर्मचारी, नुसत्या बायका नव्हेत. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येण्याची मुभाही आहे. (बापाचा उल्लेख नाही. केंद्र सरकारी नोकरांना 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने तेवढीही नाही.) नोकरी घेताना पॅकेज विचारतो, कॅब विचारतो, पाळणाघर कुठे आहे हे किती जण विचारतात?

घरात काय चालते त्याचा अंदाज 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातून येतो. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ त्यात जातो, पुरुषाचा 88. लहान-थोरांची काळजी घेण्यात 15 ते 59 वयाच्या स्त्रिया 140 मिनिटे घालवतात, पुरुष 74. तेही जे पुरुष हे काम करतात त्यांची ही सरासरी. करणारे पाचात एकच. नवरा-बायको दोघेही घरून काम करत असली तरी दार कोणाच्या खोलीचे बंद होते, आणि डाळ उतू गेली की कोण उठते, हे वाचकांनी आपापल्या घरी पाहावे.

हैदराबादेत त्यात घड्याळाची भर. इथली रात्रीचे साडेआठ म्हणजे न्यूयॉर्कची सकाळ. बाळाचे जेवण, झोप आणि क्लायंटचा कॉल एकाच वेळी येतात. मग हातात मोबाइल दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला असा की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. कामवाली तेलुगू बोलते, कार्टून इंग्रजी किंवा हिंदी. मराठी मुलाच्या कानावर पडते ती आई-बाबांकडून, आणि ते दोघे हेडफोन लावून बसलेले.

आजी-आजोबांना बोलावून घ्यावे, हा उपाय सोपा वाटतो. पण काचीगुडा, बडीचावडीत आयुष्य काढलेली माणसे शहराच्या दुसऱ्या टोकाला, पंधराव्या मजल्यावर, दिवसभर दोन वर्षांच्या नातवामागे धावतील तरी किती? गुडघे दुखतात, मैत्रिणी तिकडे, भजनी मंडळ तिकडे. त्यांनाही विचारायला हवे, आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक द्यायला हवी. शेजारच्या चार घरांनी मिळून एक बाई ठेवली, किंवा बापाने दुपारचे दोन तास कॅलेंडरवर 'बाळ' असे लिहून अडवून ठेवले, तर निदान सुरुवात होईल. बायका ते तास न लिहिता अडवतातच.