मान 'मोडून' घेऊ नका

वयानुसार मानेच्या सात मणक्यांमधल्या चकत्या सुकत जातात, कडेला हाड वाढते. अशी झीज मान न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही दिसते. तरी "मणका झिजला" ऐकताच आपले ज्येष्ठ घाबरतात. कुणी महिनोन्महिने पट्टा बांधतो, कुणी केशकर्तनालयात कट्कन मान मोडून घेतो. दोन्ही थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पट्ट्याने स्नायू दुबळे होतात. झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होऊ शकतो.

प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आधी तपासणी करतात, मग हातांनी हळूहळू सांधे मोकळे करतात. त्याने झीज भरून येत नाही, ताठरपणा कमी होतो. आणि तो फायदा घरी रोज व्यायाम केला तरच टिकतो. खासगी उपचार परवडत नसतील तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. तिथे नुसत्या गोळ्या मिळाल्या, तर "फिजिओथेरपी विभागात पाठवता का?" असे न संकोचता विचारावे. उपचार मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

मात्र हात बधिर होणे, वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, यांपैकी काहीही जाणवले तर मानेला कुणाचा हात लागण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.